घरी बंदूक बनवायचा छंद: कायदा नेमका कुठून लागू होतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मेकॅनिकलचे डिप्लोमाधारक आहेत. घरामागे छोटा लेथ आहे, खोलीत थ्रीडी प्रिंटर आहे. छंद म्हणून एक साधी, एकनळी बंदूक स्वतःच्या हाताने करून बघायची आहे. विकायची नाही, कुणावर रोखायची नाही, काडतुसंही आणायची नाहीत. मावसभाऊ अमेरिकेत नोकरीला आहे. तिथे लोक घरी बंदुका बनवतात आणि ते कायदेशीर आहे, असं तो म्हणतो. बंदूक छापायची फाइल पाठवायलाही तो तयार आहे. मग अडचण कुठे आहे?

आधी उत्तर सांगतो. भारतात परवान्याशिवाय हे करता येत नाही, आणि छंद म्हणून बंदूक बनवायचा परवाना नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. मावसभावाचं म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यात तुमच्यापेक्षा तोच जास्त अडकू शकतो.

मी फौजदारी वकिली करतो आणि शस्त्र कायद्याची प्रकरणं बरीच वर्षं चालवली आहेत. गावठी कट्टे विकणारे अशील पाहिले, तसे निव्वळ हौसेपायी अडकलेलेही पाहिले. सराईत माणसाला आपण काय करतोय हे माहीत असतं. हौशी माणूस मात्र अटक झाल्यावरही ‘पण मी तर कुणाला काही केलंच नाही’ हेच घोकत बसतो. वाईट हेतू नव्हता म्हणजे गुन्हा नाही, ही समजूत त्याला सगळ्यात महागात पडते. खून, फसवणूक यांत हेतू सिद्ध करावा लागतो. शस्त्र बनवण्याच्या गुन्ह्यात सरकारी पक्षाला एवढंच दाखवायचं असतं की वस्तू शस्त्र आहे, ती तुम्ही जाणूनबुजून बनवलीत आणि तुमच्याकडे परवाना नव्हता. विकायचा विचार नव्हता, हे शिक्षा किती यावर बोलताना कामाला येईल, दोषी की निर्दोष हे ठरवताना नाही.

शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ५ वाचा. परवान्याशिवाय शस्त्र बनवणं, विकणं, हस्तांतरित करणं, त्यात बदल करणं, दुरुस्त करणं, त्याची चाचणी घेणं, सगळं एकाच वाक्यात बंद केलं आहे. ‘दुरुस्त करणं’ हे दोन शब्द लोकांच्या नजरेतून सुटतात. मित्राच्या परवानाधारक बंदुकीचा घोडा अडकतो म्हणून लेथवर एक पिन करून दिली, तरी तुम्ही कलम ५ च्या तावडीत येऊ शकता. मित्राचा परवाना बंदूक बाळगायचा असतो. तुमच्या कारागिरीला त्याचं संरक्षण नाही.

शिक्षा आधी कलम २५(१)(अ) खाली तीन ते सात वर्षं होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप झाली, शिवाय दंड. या एका बदलाने व्यवहारात काय काय फिरलं ते सामान्य माणसाला दिसत नाही. गुन्हा अजामीनपात्र आणि सत्र न्यायालयात चालणारा. तपास रखडला म्हणून मिळणारा जामीन साठ दिवसांऐवजी नव्वद दिवसांनी. आणि पहिलाच गुन्हा, चांगलं वर्तन, घरची परिस्थिती वगैरे पाहून परिवीक्षेवर, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली, सोडायची जी तरतूद आहे, ती जन्मठेपेची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना लागू होत नाही. म्हणजे न्यायाधीशांना तुमची दया आली तरी त्यांचे हात बांधलेले. आणखी एक फरक आहे. नुसत्या विनापरवाना बाळगण्याच्या खटल्याला, म्हणजे कलम ३ ला, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते आणि ती नीट घेतली नाही म्हणून खटले पडलेले आहेत. बनवण्याच्या आरोपाला ती पायरीच नाही.

आता ‘शस्त्र’ कशाला म्हणायचं? इंजिनिअर लोकांचा घोळ इथेच होतो. तुमच्या डोक्यात बंदूक म्हणजे जोडून पूर्ण झालेली, गोळी उडवणारी वस्तू. कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भाग आणि शस्त्र बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. अग्निशस्त्राच्या व्याख्येत तर स्फोटकाच्या जोरावर ‘किंवा इतर कोणत्याही ऊर्जेच्या’ जोरावर काहीही फेकणारं साधन येतं, आणि आवाज किंवा ज्वाळा कमी करणारं उपकरणही येतं. म्हणजे सायलेन्सर एकटा टेबलावर पडलेला असला तरी कायद्याच्या लेखी तेच अग्निशस्त्र. ‘मी फक्त नळी केली, बाकी काही जोडलंच नाही’ हा बचाव त्यामुळे फार लंगडा आहे. साधा लेथ घरी असणं गुन्हा नाही, हे वेगळं सांगायला नको. पण त्याच लेथशेजारी अर्धवट नळी, रेखाटनं आणि मोबाइलमधलं बोलणं सापडलं, की पंचनाम्यात लेथही मुद्देमाल होतो.

मोबाइलवरून आठवलं. एका मुलाच्या प्रकरणात घरात जे सापडलं ते इतकं कच्चं होतं की त्यातून गोळी सुटली असती का, यावर बॅलिस्टिक तज्ज्ञाची उलटतपासणी मी तास-दीड तास घेऊ शकलो असतो. पण मुलाने मित्रांच्या ग्रुपवर फोटो टाकून खाली लिहिलं होतं, ‘पुढच्या रविवारी टेस्ट.’ तीन शब्द. वस्तू कशासाठी होती, ते त्याने स्वतःच लिहून ठेवलं होतं. इलेक्ट्रॉनिक पुरावा आता भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ प्रमाणे दाखल होतो, आणि खोडलेले मेसेज दुसऱ्या कुणाच्या तरी फोनमध्ये असतातच.

गोळी झाडता येत नाही असं नुसतं मॉडेल चालेल का, हा पुढचा प्रश्न येणारच. जे खेळण्याखेरीज कशालाच उपयोगी पडत नाही आणि ज्याचं चालू शस्त्रात रूपांतरही होऊ शकत नाही, ते शस्त्राच्या व्याख्येबाहेर आहे. दोन्ही अटी एकदम पाळाव्या लागतात. लाकडात कोरलेलं, आतून भरीव, नळीला भोकच नसलेलं मॉडेल आणि फक्त एक पिन काढून ठेवलेलं ‘मॉडेल’ यांत कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. दिसायला बंदुकीसारख्या वस्तूचं खऱ्या बंदुकीत रूपांतर करणं कलम ६ मध्ये स्वतंत्रपणे बंद केलं आहे, नळी कापून आखूड करणंही त्यातच.

जुन्या ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या, बंदुकीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण हौशी लोकांची पावलं हमखास तिकडे वळतात. माळ्यावर पणजोबांची गंजलेली ठासणी सापडते. कलम ४५ मध्ये कालबाह्य, पुरातन किंवा मोडकळीला आलेल्या शस्त्रांना सूट आहे, हे कुणीतरी सांगतं. सूट आहे, पण तिला एक शेपूट आहे: ते शस्त्र ‘दुरुस्त करून किंवा न करताही’ अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगं नसावं. म्हणजे आज चालत नाही एवढं पुरत नाही, उद्या दुरुस्त करूनही चालता कामा नये. आता गंमत बघा. हौशी माणूस ती ठासणी साफ करतो, स्प्रिंग बदलतो, घोडा पडेल अशी करतो आणि अभिमानाने भिंतीवर लावतो. त्याने त्याची सूट स्वतःच्या हाताने घालवली, वर विनापरवाना दुरुस्तीचा गुन्हा केला. आपल्याकडे पीकसंरक्षणासाठी शेतकऱ्याला ठासणीचा परवाना देण्याची तरतूद कायद्यातच आहे. त्याचाच दुसरा अर्थ असा की चालू ठासणीला परवाना लागतो. अशी वस्तू घरात सापडली तर तिला हात न लावता आधी लेखी कळवून ताबा नियमित करून घ्यायचा, मग तिच्या सौंदर्याचं बघायचं.

अमेरिकेत मात्र १८९८ किंवा त्याआधीची बंदूक, आणि काळ्या दारूवर चालणाऱ्या बहुतेक ठासणीच्या बंदुका, संघीय कायद्याच्या ‘अग्निशस्त्र’ या व्याख्येबाहेर आहेत. तिथे ठासणी घरी जुळवायचे संच मिळतात ते याचमुळे. एकच वस्तू, दोन देश, दोन पूर्ण वेगळे निकाल. बाहेरचे व्हिडिओ पाहून कायद्याचा अंदाज बांधणाऱ्यांनी एवढं एक उदाहरण लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

आता मावसभाऊ. अमेरिकेत संघीय कायद्याप्रमाणे स्वतःच्या वापरासाठी, विकण्याचा उद्देश नसताना बंदूक बनवायला उत्पादकाचा परवाना लागत नाही, हे खरं आहे. १९६८ च्या गन कंट्रोल अॅक्टने परवाना आणि अनुक्रमांकाची सक्ती धंदा करणाऱ्यांवर घातली, घरी स्वतःसाठी करणाऱ्यावर नाही. पण ही मुभा ज्याला मुळात बंदूक बाळगायचा हक्क आहे त्यालाच. एच-१बी किंवा तत्सम बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला तिथला संघीय कायदा मनाई करतो. याला अपवाद मोजके आहेत. त्यातला नेहमी वापरला जाणारा म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असणं. दुकानातून विकत घेतली नाही, घरी बनवली, म्हणून मनाई टळत नाही. बनवून झाली त्या क्षणी ती त्याच्या ताब्यात आहे, आणि मनाई ताब्यालाच आहे. २०२२ पासून या गुन्ह्याला पंधरा वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला परदेशी नागरिक देशाबाहेर काढला जाण्यास पात्र ठरतो. ग्रीन कार्ड असेल तर ही विशिष्ट मनाई लागू नाही. पण देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका ग्रीन कार्डवाल्यालाही आहे, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. तेव्हा मावसभावाला पहिला प्रश्न विचारा: तुझा व्हिसा कोणता?

दुसरा प्रश्न: राहतोस कुठल्या राज्यात? कॅलिफोर्नियात २०१८ पासून बनवायच्या आधीच राज्याकडून अनुक्रमांक घ्यावा लागतो, आणि पुढे थ्रीडी प्रिंटर किंवा संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मिलिंग यंत्रावर परवान्याशिवाय बंदूक बनवण्यालाच बंदी आली. न्यू जर्सीने २०१८ मध्ये अनुक्रमांक नसलेली बंदूक बनवण्यासाठी सुटे भाग विकत घेणं गुन्हा केलं आणि छपाईच्या फाइली वाटण्यावरही निर्बंध घातले. आपली मराठी मंडळी या दोन राज्यांत किती आहेत ते मी सांगायला नको. ‘अमेरिकेत चालतं’ हे वाक्य म्हणूनच निरर्थक आहे. चालतं ते अमुक राज्यात, अमुक माणसाला, अमुक प्रकारच्या बंदुकीपुरतं.

प्रकाराचंही ऐका. सोळा इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल, अठरा इंचांपेक्षा आखूड नळीची शॉटगन किंवा सायलेन्सर बनवायचा असेल, तर १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अॅक्टप्रमाणे एटीएफकडे, म्हणजे बंदुकांचे नियम सांभाळणाऱ्या तिथल्या संघीय यंत्रणेकडे, आधी अर्ज, मग मंजुरी, आणि त्यानंतरच काम. नव्वद वर्षं चाललेला २०० डॉलरचा कर यातल्या बहुतेक वस्तूंवर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला. त्यावरून ‘आता मोकळीक’ असा अर्थ लोक काढताहेत, तो चूक आहे. कर गेला, अर्ज आणि नोंदणी आहे तशीच आहे. मशीनगन तर सामान्य माणसाला नव्याने बनवताच येत नाही, तो दरवाजा मे १९८६ मध्ये बंद झाला. पूर्ण प्लास्टिकची, धातुशोधकाला न दिसणारी बंदूक १९८८ च्या कायद्याने निषिद्ध आहे. तिथे निकष आहे ३.७ औंस, म्हणजे साधारण १०५ ग्रॅम, विशिष्ट पोलादाचा. निदान तेवढं दिसलं पाहिजे.

अर्धवट तयार भागांच्या संचांचं प्रकरण तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ‘हे अजून रिसीव्हर (बंदुकीचा मुख्य सांगाडा) नाही, ऐंशी टक्केच झालंय’ असं म्हणत वर्षानुवर्षं हे संच खरेदीदाराच्या पार्श्वभूमी तपासणीशिवाय विकले जात. एटीएफने २०२२ मध्ये नियम बदलला: सहज पूर्ण करता येणारा संच हाही बंदूकच, विकणाऱ्याने अनुक्रमांक घालायचा आणि तपासणी करायची. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी हा नियम उचलून धरला. मला त्या निकालातली विचारपद्धती आवडली. शाळेत ज्याने सुट्या भागांचं टेबल जोडलंय त्याला पटेल असा तो तर्क आहे: काही थोडं काम बाकी असलं तरी वस्तू काय आहे ते तिच्याकडे बघून कळतंच. आपल्याकडच्या ‘सुटे भाग’ या व्याख्येने हेच काम १९५९ मध्ये दोन शब्दांत केलं होतं.

तिथल्या हौशी माणसांना नडणाऱ्या दोन बारीक गोष्टी आणखी. एक, मित्राला आपल्या वर्कशॉपमध्ये बोलावून, आपल्या यंत्रावर त्याच्यासाठी बंदूक करून देणं. एटीएफने २०१५ मध्येच स्पष्ट केलं की नुसतं बटण ग्राहकाने दाबलं म्हणून यंत्राच्या मालकाची परवान्यातून सुटका होत नाही. दुसरी, आधी स्वतःसाठी बनवली, महिन्याभरात विकली, मग दुसरी बनवली. पहिल्या वेळी तुमचं म्हणणं कुणी मानेलही. तिसऱ्या वेळी तो धंदा दिसतो.

आणि आता ती फाइल. मावसभावाने बंदूक छापायची फाइल तुम्हाला भारतात पाठवणं ही अमेरिकी कायद्याच्या नजरेत निर्यात असू शकते. २०१३ मध्ये लिबरेटर या छापील पिस्तुलाच्या फाइली इंटरनेटवर आल्या, तेव्हा तिथल्या परराष्ट्र खात्याने त्या खाली उतरवायला लावल्या त्या याच शस्त्रनिर्यातीच्या नियमांखाली. पुढे वर्षानुवर्षं खटले चालले, २०२० मध्ये विषय वाणिज्य खात्याच्या निर्यात नियमांकडे गेला, पण नियंत्रण संपलेलं नाही. एका क्लिकमध्ये तो निर्यातदार आणि तुम्ही आयातदार, आणि दोघांच्याही डोक्यात मात्र हा घरचा मेसेज. फाइलऐवजी त्याने सुट्टीत येताना बॅगेत एखादा ‘छोटासा भाग’ आणला तर ते उघड उघड शस्त्राच्या भागाची विनापरवाना आयात आहे, त्यावर सीमाशुल्क कायदाही लागतो.

काही देशांत तर नुसती फाइल जवळ असणंच गुन्हा आहे. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्सने २०१५ मध्ये अशा डिजिटल आराखड्यांच्या ताब्यावर चौदा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली. कॅनडाने डिसेंबर २०२३ मध्ये, बनवण्याच्या किंवा वाटण्याच्या उद्देशाने फाइल ठेवण्यावर दहा वर्षांपर्यंत. जपानमध्ये २०१४ मध्येच छापील पिस्तुलं बनवणाऱ्या एका तरुणाला दोन वर्षांची कैद झाली होती. पुढे जुलै २०२२ मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या घरी बनवलेल्या बंदुकीने झाली, आणि तिथला कायदा आणखी आवळला गेला. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी देश बदलणाऱ्यांनी आपला लॅपटॉप आपल्याबरोबर प्रवास करतो हे ध्यानात ठेवावं.

मग तुम्ही काय करू शकता? तुमची हौस यंत्रकामाची आहे की नेमबाजीची, हे आधी स्वतःला विचारा. नेमबाजीची असेल तर रायफल क्लबचं सदस्यत्व घ्या आणि एअर रायफलपासून सुरुवात करा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे २० जूलपेक्षा जास्त मझल एनर्जीच्या (छर्रा नळीतून सुटतानाची ऊर्जा) किंवा ०.१७७ इंचापेक्षा, म्हणजे ४.५ मिलिमीटरपेक्षा, मोठ्या बोअरच्या (नळीचा आतला व्यास) एअर गनना परवाना लागतो. त्या खालच्यांना नाही. पण स्प्रिंग बदलून ‘थोडी पॉवर वाढवली’ की तुम्ही रेषा ओलांडता, आणि लेथवाल्या माणसाला हा मोह होतोच. बिलावर जे लिहिलंय ते नाही, प्रयोगशाळेत जे मोजलं जाईल ते धरलं जातं. हौस यंत्रकामाची असेल तर घड्याळं करा, छोटी वाफेची इंजिनं करा, कुलपं करा. सहनमर्यादेचं (टॉलरन्सचं) आणि फिटिंगचं तेच कसब त्यात लागतं. बंदुकीच्याच यंत्रणेचं वेड असेल तर परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडे किंवा उत्पादक कंपनीत रीतसर नोकरी करा. तिथे हेच काम पगार घेऊन करता येतं.

शेवटची गोष्ट प्रश्नात नाही, पण असा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी काहींनी काम आधीच सुरू केलेलं असतं म्हणून लिहितो. तसं असेल तर थांबा. वस्तू मित्राकडे ठेवायला देऊ नका. ताबा म्हणजे केवळ हातात असणं नव्हे, नियंत्रण असणं पुरेसं आहे, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच सांगून ठेवलंय, आणि वर तो मित्रही आरोपी होईल. नदीत टाकू नका, वितळवू नका. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे. आणखी कुणाला लिहून सल्ला विचारू नका. फौजदारी वकिलाकडे समक्ष जा, फोनवर तपशील सांगू नका आणि वस्तू बरोबर नेऊ नका. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल वकिलाशी झालेलं बोलणं कायद्याने गोपनीय असतं. पुढे काय करायचा बेत आहे, त्याला ते संरक्षण नाही, म्हणून जायचं ते बेत सोडून देऊनच.